बत्तीस लाखांचे शहाणपण

नागपूरकर भोसल्यांचे दिवाण देवाजीपंत चोरघडे यांच्या राजकारणाचा ताळेबंद

इ.स. १७६९ मध्ये कनकापूर येथे माधवराव पेशवे आणि नागपूरकर जानोजी भोसले यांच्यात तह झाला. त्याची कलमे वाचली की जिंकले कोण आणि हरले कोण हे विचारावे लागत नाही. भोसल्यांनी पुण्याला सालिना पाच लाख रुपये द्यावेत, विचारल्यावाचून फौज वाढवू नये, बोलावणे येईल तेव्हा फौजेनिशी हजर व्हावे. दिल्लीचा बादशहा, निजाम, इंग्रज, रोहिले, अयोध्येचा नवाब यांच्याशी परस्पर राजकारण करू नये. एवढे सगळे काढून घेतल्यावर एक बारीकशी सवलत ठेवली होती. ओडिशात इंग्रजांकडे आणि निजामाच्या दरबारी भोसल्यांनी वकील ठेवावा, मात्र त्याने वसुलीपुरतेच बोलावे.

वसुलीच्या वकिलाची ही परवानगी पुण्याला निरुपद्रवी वाटली असणार. पुढच्या बारा वर्षांत नागपूरचे सगळे परराष्ट्रकारण तिच्यातूनच उभे राहिले. ज्यांच्या मसलतीने ते उभे राहिले ते दिवाकर पुरुषोत्तम चोरघडे, म्हणजे आपल्याला ठाऊक असलेले देवाजीपंत. इंग्रजी कागदांत ते ‘देवागर पंडित’ होऊन येतात. घरच्या धन्याचा सल्लागार म्हणून त्यांची कारकीर्द सुरू झाली आणि संपली तेव्हा कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल त्यांच्या भेटीची वाट पाहत होता.

तीन दरबार, तीन शहाणे

उत्तर पेशवाईतल्या मुत्सद्द्यांची लोकांनी केलेली मोजणी म्हणजे ‘साडेतीन शहाणे’. सखारामबापू बोकील, देवाजीपंत आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण. नाना फडणवीस अर्धे, कारण मसलतीत ते कोणाला हार जाणारे नव्हते, पण तलवारीशी त्यांचे कधी जमले नाही. यादी नीट पाहिली तर तिघे पूर्ण शहाणे तीन वेगवेगळ्या दरबारांचे आहेत. बापू पुण्याचे, देवाजीपंत नागपूरचे आणि विठ्ठल सुंदर हैदराबादच्या निजामाचे. तिघेही मराठी बोलणारे, एकाच रिवाजात वाढलेले, एकमेकांची चाल ओळखणारे. तिघांची बुद्धी मुख्यतः एकमेकांवरच खर्च झाली.

चोरघडे घराणे नरखेडचे. नागपूर जिल्ह्यातला हा भाग आज संत्र्यांसाठी ओळखला जातो. कथाकार वामन चोरघडे यांचा जन्मही याच गावचा. देवाजीपंत ज्या दरबारात वर आले तो पहिल्या रघुजींनी उभा केलेला होता. रघुजींचा काळ घोडदौडीचा. वऱ्हाडापासून बंगालपर्यंत त्यांच्या फौजा फिरल्या. त्या काळाने नागपूरला बोलणीबद्दल एक कडू धडाही दिला होता. १७४४ मध्ये बंगालचे नवाब अलिवर्दी खान यांनी तहाच्या बोलणीसाठी रघुजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना आपल्या तंबूत बोलावले आणि त्यांना सरदारांसह कापून काढले. रघुजींनी हार मानली नाही. १७५१ मध्ये ओडिशा हाती आला आणि बंगालची चौथाई म्हणून सालिना बारा लाख रुपये ठरले. हे बारा लाख आणि ओडिशातले कटक या दोन गोष्टी पुढे देवाजीपंतांच्या सगळ्या राजकारणाच्या मुळाशी आहेत.

१७५५ मध्ये रघुजी गेले आणि गादीसाठी जानोजी व मुधोजी या भावांत वाद पेटला. निवाडा पुण्याने केला. जानोजींना सेनासाहेबसुभा हे पद, मुधोजींना सेनाधुरंधर हा किताब आणि चांदा, बिंबाजींकडे छत्तीसगड, साबाजींकडे दारव्हा. घरचे भांडण पुण्याच्या दारात नेले, त्यामुळे पुण्याला नागपूरच्या घरात कायमचा शिरकाव मिळाला. जानोजींच्या कारभाऱ्याला त्यानंतर रोज दोन हिशेब सांभाळावे लागत. एक धन्याच्या भावांचा, दुसरा पेशव्यांचा.

बत्तीस लाख आले, बत्तीस लाख गेले

पानिपतानंतर पुण्याची गादी सोळा वर्षांच्या माधवरावांकडे आली आणि चुलते रघुनाथराव यांच्याशी त्यांचे बिनसले. निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर यांना हीच संधी वाटली. साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाने चालणारा कारभार भोसल्यांच्या हाती द्यायचा, असे आमिष त्यांनी जानोजींपुढे ठेवले. नागपूरकर हे हिंगणीकर भोसले. आडनाव छत्रपतींचेच असल्याने साताऱ्याचे नाव काढले की मन हलायचे. जानोजी निजामाला मिळाले. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजा पुण्यात शिरल्या, शहर लुटले, जाळले. पेशव्यांच्या घरची माणसे सिंहगडावर हलवावी लागली.

उन्हाळा सरता सरता वारे फिरले. पेशव्यांनी जानोजींशी गुप्त बोलणी लावली आणि बत्तीस लाखांचा मुलूख देऊ केला. नागपूरच्या दरबारात अशी बोलणी ज्यांच्या हातून जात ते देवाजीपंत. गोदावरीच्या काठी राक्षसभुवनला निजामाची फौज नदी ओलांडण्याच्या गडबडीत असताना भोसल्यांची फौज बाजूला झाली. १० ऑगस्ट १७६३ ला माधवराव आणि रघुनाथराव त्या अर्धवट पार झालेल्या फौजेवर तुटून पडले. विठ्ठल सुंदर रणातच ठार झाले. साडेतीनांतला एक शहाणा असा संपला, आणि त्याला संपवण्यात दुसऱ्या शहाण्याच्या दरबाराचा हात होता.

बत्तीस लाख मिळाले, पण त्याबरोबर एक कलंकही आला. विजयानंतर मुलूख देतानाही माधवरावांनी जानोजींना त्यांच्या दुटप्पीपणाबद्दल तोंडावर सुनावले. दोन्ही बाजूंना मोल घेऊन वळणारा मित्र कोणालाच कायमचा नको असतो. १७६६ उजाडेपर्यंत पेशवे आणि निजाम हे कालचे शत्रू जानोजींविरुद्ध एक झाले आणि बत्तीसपैकी चोवीस लाखांचा मुलूख परत घेतला. त्यातला मोठा वाटा निजामाकडे गेला. उरले आठ लाख.

मग रघुनाथरावांचे बंड. १७६८ मध्ये धोडपला ते हरले आणि कैदेत पडले. त्यांच्याशी सूत जमवल्याचा राग माधवरावांनी जानोजींवर काढला. पेशव्यांची फौज वऱ्हाडातून थेट नागपुरावर आली, शहर लुटले, चांद्याला वेढा पडला. या मोहिमेची एक हकीकत नागपूरच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. तहाच्या बोलणीसाठी गेलेले देवाजीपंत पेशव्यांच्या छावणीत अडकून पडले होते. पहाऱ्यातूनच त्यांनी जानोजींना गुप्त निरोप धाडला, की समोरासमोर लढू नका, पेशव्यांना नागपुरात गुंतू द्या आणि तुम्ही पुण्यावर जा. जानोजींनी नेमके तेच केले. नागपूर सोडून त्यांची हलकी फौज पश्चिमेकडे निघाली आणि पुण्यात पळापळ झाली. माधवरावांना गोपाळराव पटवर्धन आणि रामचंद्र गणेश यांना पाठलागावर धाडावे लागले. दोन्ही बाजू दमल्या तेव्हा कनकापूरचा तह झाला. त्यात उरलेले आठ लाखही गेले.

बत्तीस वजा चोवीस वजा आठ. सहा वर्षांत राक्षसभुवनची सगळी कमाई शून्यावर आली. देवाजीपंतांच्या हुशारीला यात दोष द्यावा काय? प्रत्येक डाव पाहिला तर तो त्या घटकेला चोख होता. विठ्ठल सुंदर यांच्याशी गेले तेव्हा साताऱ्याचा कारभार दिसत होता, पेशव्यांकडे वळले तेव्हा मुलूख हातात पडला, पुण्यावर चालून गेले तेव्हा राज्य बुडण्यापासून वाचले. पण डाव जिंकत गेले आणि पत घसरत गेली. मुत्सद्द्याचा माल म्हणजे त्याचा शब्द. नागपूरच्या शब्दाचा भाव १७६३ नंतर पुण्यात पुन्हा कधी चढला नाही.

वसुलीच्या वकिलाचे राजकारण

१७७२ मध्ये जानोजी तुळजापूरला वारले. मुधोजींचा मुलगा रघुजी याला दत्तक घेण्याची परवानगी त्यांनी पुण्याहून मिळवली होती, तरी भाऊबंदकी टळली नाही. मुधोजी आणि साबाजी यांच्यात तीन वर्षे झुंज चालली. २६ जानेवारी १७७५ ला नागपूरजवळच्या पाचगावच्या लढाईत मुधोजींच्या गोळीने साबाजी पडले आणि प्रश्न मिटला. बाल रघुजी गादीवर आले, सत्ता मुधोजींच्या हाती राहिली आणि देवाजीपंत आता त्यांचे दिवाण होते.

तोवर आजूबाजूचे जग बदलले होते. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली होती. त्यामुळे बारा लाखांची चौथाई आता नवाबाकडे मागण्यात अर्थ नव्हता. ती इंग्रजांकडेच मागायची होती. जानोजींचे वकील उदेपुरी गोसावी यांनी कलकत्त्यात हा तगादा आधीपासून लावला होता. इंग्रजांनाही नागपूरचे काही हवे होते. मद्रासच्या उत्तरेचे सरकार जिल्हे त्यांच्याकडे आले होते, पण कलकत्ता आणि मद्रास यांच्या मधोमध भोसल्यांचे कटक आडवे होते. जमिनीवरून फौज न्यायची तर नागपूरला विचारावे लागे. म्हणजे नागपूरकडे थकलेली बाकी होती आणि रस्त्याची किल्लीही होती. वसुलीपुरते बोलायला बसलेल्या वकिलाला दुसरे काय हवे?

कलकत्त्यात हे काम बेनीराम पंडित आणि त्यांचे भाऊ बिशंभर पंडित पाहत. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज बेनीरामांवर खूश होता. बेनीराम कलकत्त्यात बोलायचे आणि देवाजीपंत नागपुरात उत्तर घडवायचे.

१७७८ मध्ये पुण्याशी युद्ध पेटण्याच्या बेतात असताना हेस्टिंग्जने मोठी चाल खेळली. रामराजा छत्रपती नुकतेच वारले होते. साताऱ्याच्या गादीवर मुधोजींनी हक्क सांगावा, कंपनी पाठीशी राहील, असा प्रस्ताव घेऊन त्याने अलेक्झांडर इलियट या विश्वासू तरुण अधिकाऱ्याला भर पावसाळ्यात नागपूरकडे धाडले. इलियट पोचलाच नाही. छत्तीसगडात सारंगडजवळ तापाने तो सप्टेंबरमध्ये गेला. हेस्टिंग्जला त्याचा विसर पडला नाही. सात वर्षांनी विलायतेला परतताना जहाजावर त्याने जॉन शोअरसाठी एक कविता लिहिली, तिच्यातही इलियटच्या मृत्यूचा उल्लेख आहे. इलियट गेल्यावर कंपनीच्या कर्नल गॉडर्डची फौज होशंगाबादजवळ नर्मदेवर आली. तिथून लेफ्टनंट वेदरस्टन हाच विषय घेऊन नागपुरात दाखल झाला.

साताऱ्याचे हे आमिष नागपूरने पंधरा वर्षांपूर्वी विठ्ठल सुंदर यांच्या हातून एकदा चाखले होते. या खेपेला मुधोजींनी ते तोंडात घेतले नाही आणि थुंकूनही टाकले नाही. गॉडर्डला वाट मिळाली, दाणागोटा मिळाला, गोड पत्रे मिळाली. सही मिळाली नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची नाचक्की झाली तेव्हा नागपूर कोणत्याही कागदात अडकलेले नव्हते.

दसऱ्याला निघालेली फौज

वडगावनंतर नाना फडणवीसांनी मोठी जुळणी केली. पुणे, निजाम, हैदर अली आणि नागपूर या चौघांनी एकदम इंग्रजांवर तुटून पडायचे. कर्नाटक हैदरचे, सरकार जिल्हे निजामाचे, बंगाल भोसल्यांचे. नकार देणे म्हणजे पुण्याचे वैर, होकार देणे म्हणजे कलकत्त्याचे. देवाजीपंतांच्या मसलतीने नागपूरने होकार दिला आणि त्याच वेळी मुधोजींनी हेस्टिंग्जला या जुळणीची खबर आतून पोचवली. फौज धाडणे आम्हाला भाग आहे, पण घाई करणार नाही, असा त्याचा मतलब होता.

१७७९ च्या दसऱ्याला मुधोजींचे पुत्र चिमणाजी तीस हजार घोडेस्वार घेऊन सीमोल्लंघनास निघाले. फौजेने मनावर घेतले असते तर कटक गाठायला दोन-अडीच महिने पुरले असते. ती पोचली पुढच्या मे महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर. पुण्याला सांगायला फौज निघाली होती, कलकत्त्याला सांगायला पोचली नव्हती. ओडिशात गेल्यावरही ती बंगालच्या सीमेकडे न वळता ढेंकानाळच्या राजाशी झुंजत बसली. ओडिया कवी ब्रजनाथ बडजेना यांचे ‘समरतरंग’ हे काव्य याच लढाईवर आहे. मराठी इतिहासात जी केवळ वेळकाढूपणाची मोहीम ठरली, ती ओडिया साहित्यात वीरगाथा झाली. ढेंकानाळच्या माणसांनी ती आपल्या रक्ताने अनुभवली होती. दोन दरबारांमधला वेळ काढायचा तर त्याची किंमत तिसरे कोणी मोजते, हे मुत्सद्द्यांच्या पत्रांत सापडत नाही.

पण मोहिमेचा हेतू साधत होता. जुलै १७८० मध्ये हैदर कर्नाटकात उतरला आणि सप्टेंबरमध्ये पोलिलूरला त्याने इंग्रजांची एक अख्खी तुकडी बुडवली. मद्रास वाचवायला कर्नल पीअर्सची फौज जमिनीने धाडायची तर ती चिमणाजींच्या छावणीजवळूनच जाणार होती. हेस्टिंग्जने आधी गुपचूप तीन लाख रुपये दिले. पुढे लंडनमध्ये त्याच्यावर महाभियोग चालला त्यात अशा गुप्त रकमांचीही झाडाझडती झाली. चिमणाजींची मागणी पन्नास लाखांची होती. कलकत्त्याहून डेव्हिड अँडरसन कटकला आला आणि एप्रिल १७८१ मध्ये तेरा लाखांवर सौदा पटला. भोसल्यांची फौज परत फिरली आणि पीअर्सच्या मदतीला दोन हजार स्वार द्यायचे ठरले.

हा पुण्याशी द्रोह होता का? त्या काळच्या पुण्याने तो तसाच मानला आणि आजचा वाचकही चटकन तसाच मानील. चौघांची चाल एकदम झाली असती तर १७८० मध्ये कंपनीची अवस्था कठीण होती, यात शंका नाही. पण ज्या पुण्याने अकरा वर्षांपूर्वी नागपूर लुटले आणि तहात हातपाय बांधले, त्या पुण्यासाठी आपली फौज बंगालात खर्ची घालावी असे नागपूरला का वाटावे? मराठा मंडळ नावाला एक होते. कनकापूरच्या कलमांनी त्याला धनी आणि अंकित यांच्या नात्यावर आणून ठेवले होते. अंकिताचे राजकारण असेच चालते. उघड नाही म्हणता येत नाही, म्हणून तो उशीर करतो. देवाजीपंतांनी उशिराचे शस्त्र केले आणि ते इतक्या सफाईने वापरले की दोन्ही बाजूंशी युद्ध न होता सोळा लाख रुपये नागपूरच्या पदरात पडले.

काशीची न झालेली भेट

त्याहून मोठा डाव अजून शिल्लक होता. पुणे आणि कलकत्ता यांच्यात समेट घडवायचा आणि त्या तहाची मध्यस्थी नागपूरकडे घ्यायची. हेस्टिंग्जने १७८० मध्येच तहाचा मसुदा मुधोजींमार्फत पुढे सरकवला होता. मध्यस्थ झाले असते तर कनकापूरने अंकित केलेले नागपूर पुण्याचा जामीनदार म्हणून उभे राहिले असते. त्यासाठी हेस्टिंग्ज आणि देवाजीपंत यांची काशीला भेट ठरली. ती होण्याआधीच, १७८१ मध्ये, देवाजीपंत वारले. सखारामबापूही त्याच वर्षी रायगडावर कैदेतच वारले. एका सालात दोन पूर्ण शहाणे संपले आणि अर्धे म्हणवले गेलेले नाना त्यांच्यामागे जवळजवळ वीस वर्षे राज्य चालवत राहिले.

ऑगस्ट १७८१ मध्ये हेस्टिंग्ज काशीला गेला तो तिथल्या राजा चैतसिंहाच्या उठावात सापडला आणि रातोरात चुनारला पळाला. बेनीराम आणि बिशंभर त्याच्यासोबत पायी गेले आणि काशीत ठेवलेले आपले लाख रुपये त्याला देऊ केले. पुढे बेनीरामांना गाझीपूर भागात जहागीर मिळाली. नागपूरच्या वकिलाचे कल्याण झाले, नागपूरची मसलत मात्र धनी गमावून बसली. ऑक्टोबर १७८१ मध्ये कंपनीने महादजी शिंद्यांशी वेगळा करार केला आणि १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला. त्याची मध्यस्थी आणि जामिनी महादजींकडे गेली. इंग्रजांच्या बाजूने बोलणी करणारा माणूस तोच, कटकला सौदा करून गेलेला डेव्हिड अँडरसन. जागा तीच, माणूस तोच, फक्त नागपूर तिथे नव्हते.

मागे काय राहिले

देवाजीपंतांच्या कारकिर्दीविषयी लिहिताना एक अडचण येते आणि तीच त्या कारकिर्दीबद्दल सर्वांत जास्त सांगते. नागपूर दरबाराचे स्वतःचे दफ्तर फारसे हाती लागत नाही. यादव माधव काळे यांनी १९३४ मध्ये ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ लिहिला आणि इंग्रज रेसिडेन्सीच्या कागदांचा नागपूरविषयक खंडही संपादित केला. त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९५४ आणि १९५९ मध्ये नागपूरच्या राजकारणावरचे दोन खंड काढले, ते मेणवलीच्या दफ्तरातून, म्हणजे नानांच्या कागदांतून. देवाजीपंत आपल्याला भेटतात ते बव्हंशी पुण्याच्या आणि कलकत्त्याच्या नजरेतून. ज्यांना त्यांनी झुलवले त्यांनीच त्यांची आठवण जपली.

कलकत्त्याची रीत वेगळी होती. १७८८ मध्ये जॉर्ज फॉर्स्टर कंपनीचा प्रतिनिधी म्हणून नागपुरात आला आणि इथेच वारला. त्याच्यामागून कोलब्रुक आला, १८०४ मध्ये एल्फिन्स्टन, मग जेंकिन्स. माणसे बदलत गेली, मरतही गेली, पण प्रत्येकाला आधीच्याची पत्रे, हिशेब आणि टिपणे मिळाली. कोणता सरदार कर्जात आहे, कोणाचे कोणाशी बिनसले आहे, हे नव्या माणसाला पहिल्या महिन्यात कळत असे. नागपुरात देवाजीपंत गेले तेव्हा त्यांच्या डोक्यातले राजकारण त्यांच्याबरोबर गेले.

त्याचा हिशेब १८०३ मध्ये झाला. अडगावला इंग्रजांकडून भोसल्यांची हार झाली, गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. भोसल्यांच्या वतीने यशवंतराव रामचंद्र इंग्रज सेनापती वेलस्लीसमोर बसले. कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. बावीस वर्षांपूर्वी ज्या कटकावरून नुसती फौज नेण्यासाठी हेस्टिंग्जने लाखो रुपये मोजले होते, ते कटक आता द्यावे लागले आणि बदल्यात काहीच मिळाले नाही. यशवंतराव कच्चे होते असे नाही. त्यांच्या हातात अडवून धरायला काही उरले नव्हते.

सल्लागाराची कसोटी त्याने किती डाव जिंकले यावर लावण्याची आपली जुनी सवय आहे आणि त्या कसोटीला देवाजीपंत उतरतात. पण त्याच्यामागून त्याच्या जागी बसणाऱ्याला कोणते कागद, कोणती माणसे आणि शब्दाची किती पत मिळाली, हाही प्रश्न विचारायला हवा. नागपूरच्या बाबतीत तो विचारला की त्याचे उत्तर देवगावच्या कलमांत वाचायला मिळते.